दाढ भरताना दुखतं का? रत्नागिरीत दोन दाढा भरून घेतल्या, त्याचा सगळा अनुभव

आधी उत्तर सांगून टाकते, कारण मी पण रात्री अकरा वाजता गालाला हात लावून मोबाइलवर हेच शोधत बसले होते आणि कोणी धड सांगत नव्हतं. दाढ भरताना मला दुखलं नाही. भुलेचं इंजेक्शन टोचलं ते चिमटा काढल्यासारखं, मधे एकदा कळ आली तेव्हा डॉक्टरांनी तिथल्या तिथे काम थांबवलं, आणि भूल उतरल्यावर दोन दिवस जबडा अवघडल्यासारखा वाटत होता. एवढंच. पण हे सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही, कारण याच्या अगदी उलट अनुभवही माझ्या गाठीशी आहे आणि म्हणूनच हा रिव्ह्यू एवढा लांबवतेय.

मी नववीत असताना एका दुसऱ्या गावी दाढेत सिमेंट भरून घेतलं होतं. भूल दिली नाही. छोटंसं काम आहे, दोन मिनिटं सहन कर, एवढं बोलून मशीन सुरू केलं. दोन मिनिटं नव्हती ती. मी हात वर केला तर असिस्टंटने माझा हात खाली दाबून धरला, आणि घरी येताना बाबा विचारत होते काय झालं तर मला बोलताच येत नव्हतं. त्यानंतर चोवीस वर्षं मी डेंटिस्टकडे गेले नाही. दोन बाळंतपणं झाली, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्याची भीती वाटली नाही पण दातांच्या दवाखान्यातला तो लवंगेच्या तेलासारखा वास आला तरी पोटात गोळा यायचा.

या वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं. आमच्याकडे पावसला (रत्नागिरीजवळचं आमचं गाव) तेव्हा कैऱ्या, आंबे, आंबापोळ्या घालणं हे सगळं एकदमच असतं, त्यामुळे डाव्या खालच्या दाढेत शिवशिवायला लागलं तेव्हा मला वाटलं कैरीने दात आंबलेत, होतील बरे. मग माठातलं पाणी लागायला लागलं. मग आंबापोळीचा तुकडा त्या बाजूला गेला की सळक. दोन-तीन सेकंद राहायची आणि जायची. मी उजव्या बाजूने चावायला लागले आणि दीड महिना तसाच काढला, हा मूर्खपणा होता, आता कळतंय. मी शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना दाताच्या उभ्या छेदाची आकृती फळ्यावर काढून देते, वरचं एनॅमल, त्याखाली डेंटिन, मधे पल्प, त्यात शिरा आणि नसा. एनॅमलला संवेदना नसते, कीड तिथवर असेपर्यंत काही कळत नाही. डेंटिनमध्ये बारीक बारीक नळ्या असतात, कीड तिथे पोचली की गार आणि गोड लागायला लागतं. हे सगळं शिकवत होते आणि स्वतःच्या दाढेला लावून बघत नव्हते.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी या क्लिनिकचं सांगितलं. मारुती मंदिरच्या आसपास आहे, पहिल्या मजल्यावर. पावसहून एसटीने भाट्याच्या पुलावरून यायचं म्हणजे पाऊण-एक तास धरून चाला, मग स्टँडवरून रिक्षा. मी साडेदहाची वेळ घेतली होती, नंबर लागला सव्वाअकराला. ही पहिली तक्रार, पुढे अजून एक आहे.

आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी तोंड उघडायला सांगितलं नाही. आधी समोर बसवून विचारलं, काय होतंय, कधीपासून, गार लागतं की गरम, रात्री झोपेतून उठवतं का, कळ आपली आपण येते की काही खाल्ल्यावरच. मग बीपी, शुगर, कुठली गोळी चालू आहे का, आधी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला होता का. मी नववीतली गोष्ट सांगितली. सांगताना माझे हात थंड पडले होते, खरंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज काहीच करायचं नाही, आज फक्त बघू. आणि काम करू तेव्हा डावा हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही." या एका वाक्यावर मी तिथे परत गेले.

छोटा एक्स-रे काढला, ते आरव्हीजी म्हणतात, तोंडात एक पट्टी धरायची आणि फोटो लगेच स्क्रीनवर. तो त्यांनी माझ्याकडे वळवून दाखवला. खालच्या दाढेत काळपट सावली बरीच आत गेलेली, पण नसेच्या आणि किडीच्या मधे अजून पातळ थर शिल्लक होता. वरच्या उजव्या दाढेत पण एक छोटी कीड निघाली, जिचा मला पत्ताच नव्हता. मग कापसाच्या बोळ्यावर काहीतरी गार फवारून दाढेला लावलं, मला झटकन लागलं आणि दोन सेकंदांत गेलं. त्या म्हणाल्या हे चांगलं लक्षण आहे, गार लागून लगेच थांबतं म्हणजे नस सावरू शकते, तेच मिनिट मिनिट ठणकत राहिलं असतं किंवा रात्री आपोआप दुखलं असतं तर भरून भागलं नसतं, रूट कॅनाल करावं लागलं असतं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण दुखतं का या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

पहिल्यांदा वरची छोटी दाढ केली, आणि ती भुलेशिवाय. मी घाबरलेच. पण त्यांनी नीट समजावलं की कीड वरवर आहे, आपण सुरुवात करू, जरा जरी लागलं तरी हात वर करा, भूल तयार ठेवलीय. आणि ट्रेवर इंजेक्शन खरंच भरून ठेवलेलं मला दाखवलं. मशीनचा तो शिट्टीसारखा आवाज आला, एअरोटर म्हणतात त्याला, मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतं, आणि त्यातून सतत पाणी उडत असतं म्हणजे घासून दाढ तापत नाही. तापली तर नसेला इजा होते म्हणून ते पाणी. तोंडात पाणी साठतं तेवढ्यात सक्शनची नळी ओढून घेते. दुखलं का? नाही. कंप जाणवला, पाण्याचा गारवा जाणवला, आवाज डोक्यात घुमला. वीस मिनिटांत झालं आणि मी त्याच पावली चहा प्यायले. म्हणजे कोणी तुम्हाला सांगत असेल की भुलेशिवाय भरलं आणि काही झालं नाही तर ते खोटं सांगत नाहीत, त्यांची कीड वरच्यावर असणार. फक्त त्यांच्यावरून आपलं ठरवायचं नाही.

खरी परीक्षा आठवड्याने, खालची दाढ. आदल्या रात्री झोप नाही लागली. सकाळी थोडं खाऊन यायला सांगितलं होतं, उपाशी पोटी भूल दिली की काहींना चक्कर येते म्हणून, तर पेज आणि पापड खाऊन निघाले.

आधी हिरडीवर जेल लावलं, एक-दोन मिनिटं ठेवलं, तिथली कातडी बधिर झाली. मग इंजेक्शन. इथे मला नवीन कळलं ते असं की वरच्या दाढांना दाताच्या जवळच टोचलं तरी चालतं कारण वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, औषध झिरपतं. खालच्या दाढांजवळचं हाड जाड, तिथे औषध आत पोचत नाही, म्हणून पार मागे, नस जबड्यात शिरते तिथे जाऊन औषध सोडावं लागतं. म्हणून खालची दाढ असली की निम्मा ओठ आणि निम्मी जीभ पण बधिर होते. औषध म्हणजे दोन टक्क्यांचं लिग्नोकेन, सोबत किंचित ॲड्रिनलिन, ज्याने भूल जास्त वेळ टिकते. ॲड्रिनलिनमुळे छातीत थोडं धडधडेल, घाबरू नका, मिनिटभरात थांबेल हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि तसंच झालं. सांगितलं नसतं तर मला वाटलं असतं हार्ट ॲटॅक आला. टोचलं ते जाणवलं, पण औषध त्यांनी इतकं हळू सोडलं की ताण आल्यासारखं वाटलं, कळ नाही. भराभर औषध ढकललं की जास्त दुखतं म्हणे. पाच-सात मिनिटांनी ओठ सुजल्यासारखा जड झाला, आरशात बघितलं तर काही सुजलेलं नव्हतं.

हे लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. आणि ऑपरेशनच्या वेळची भूल जगाला दाखवली ती दातांच्या डॉक्टरांनीच, अमेरिकेत होरेस वेल्सने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड स्वतःवर वापरून आपली दाढ काढून घेतली, आणि १८४६ मध्ये बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं. विषय थोडा बाजूला गेला पण मला राग याच गोष्टीचा येतो, की ज्या पेशाने वेदनेवर उपाय शोधला त्याच पेशातल्या माणसाने नववीतल्या पोरीला भूल न देता हात दाबून धरावा.

तर काम सुरू झालं. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच नाही. मग कीड खोल होती तिथे मशीन बदललं, हे हळू फिरणारं, घरघर असा आवाज, आणि तिथे मला सर्रकन एक कळ आली. मी हात वर केला. मशीन त्या क्षणी बंद. एकही प्रश्न नाही. त्यांनी तोंडातलं सगळं काढलं, चूळ भरायला दिली, म्हणाल्या आपण अजून थोडं औषध देऊ, घाई नाही. दुसऱ्यांदा टोचलेलं तर कळलंच नाही कारण जागा आधीच बधिर होती. पाच मिनिटं थांबून परत सुरू केलं आणि त्यानंतर शेवटपर्यंत काही नाही. मी खुर्चीत रडले. दुखलं म्हणून नाही. हात वर केला आणि कोणीतरी थांबलं म्हणून.

पुढचं सगळं काम बिनदुखण्याचं असतं, फक्त तोंड उघडं ठेवून जबडा दमतो. कीड साफ झाल्यावर तळाशी नसेच्या जवळ औषधाचा थर घातला. दोन दाढांच्या फटीतली कीड होती म्हणून दाढेभोवती पातळ पत्र्याची पट्टी आवळली आणि फटीत बारीक पाचर ठोकली, तेव्हा दाब जाणवतो चांगलाच, घास अडकल्यासारखा. मग निळं जेल, ते ॲसिड असतं, पंधरा-वीस सेकंद ठेवून धुऊन टाकतात म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि फिलिंग घट्ट धरतं. मग बाँडिंग, म्हणजे फिलिंग चिकटायचं औषध, मग दाताच्या रंगाचं कंपोझिट, म्हणजे फिलिंगच, एकदम गोळा भरायचा नाही तर साधारण दोन मिलिमीटरचे थर देत देत, आणि प्रत्येक थराला निळा लाइट. एकदम भरलं तर लाइट तळापर्यंत पोचत नाही आणि खालचं कच्चं राहतं. शेवटी निळा कागद चावायला देऊन कुठे उंच लागतंय ते बघून घासलं. एकूण पन्नास मिनिटं.

भूल उतरायला तीन तास लागले. तोवर काही खाऊ नका म्हणून सांगितलं होतं कारण ओठ-जीभ चावली तरी कळत नाही, गरम चहाने भाजलं तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच सांभाळायला लागतं, पोरं गंमत म्हणून ओठ चावत बसतात. संध्याकाळी मऊ भात आणि कढी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र चावताना त्या दाढेवर बोट ठेवून दाबल्यासारखं दुखायला लागलं आणि मी घाबरले की नस गेली. फोन केला तर म्हणाल्या, फिलिंग केसभर उंच राहिलं असेल, भूल असताना चावा नीट कळत नाही, येऊन जा. गेले, पाच मिनिटं घासलं, पैसे घेतले नाहीत, आणि पावसला पोचेपर्यंत बरं वाटलं. पण त्यासाठी परत अख्खी फेरी पडली, हे निघतानाच जरा अजून नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं, ही दुसरी तक्रार. गार पाणी मात्र दहा-बारा दिवस किंचित लागत होतं, ते होतं असं आधीच सांगितलेलं, नंतर गेलं. आता गणपती होऊन गेले, मोदक, काजू, एकदा तर कुर्ल्याची, म्हणजे खेकड्याची, नांगी पण त्याच बाजूने फोडली (फोडू नये, कळतं मला), फिलिंग जागेवर आहे.

आता आईचं. माझं बघून आई तयार झाली. तिची मागची दाढ वर्षभर दुखत होती, ती मशेरी दाबायची आणि वेळ मारून न्यायची. आमच्याकडे घराघरात म्हाताऱ्या बायका हेच करतात, तव्यावर तंबाखू भाजायची, चुरा करायचा, दाताला लावायचा, थोडं सुन्न होतं आणि वाटतं दुखणं गेलं. कीड आत चाललेलीच असते, आणि तंबाखूने हिरड्यांची वाट लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तो वेगळाच. खुर्चीत बसल्यावर आईने मॅडमचा हात धरला आणि म्हणाली, "बाय माझे, दुखेल का गो?" मॅडम खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमच्या दाढेला भूल जरा उशिराने लागेल, दोनदा टोचायला लागेल, पण भूल लागल्याशिवाय मी हात लावणार नाही." कारण असं की आतून नस सुजली की तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि भुलेचं औषध नीट काम करत नाही. म्हणजे जी दाढ सगळ्यात जास्त दुखते तीच बधिर करायला सगळ्यात अवघड. आईला खरंच दोनदा टोचावं लागलं, पहिल्यांदा लागलं तिला थोडं, रूट कॅनालला तीन फेऱ्या झाल्या. बीपीची गोळी चालू आहे म्हणून दर वेळी आधी बीपी मोजून घेतलं, एकदा जास्त आलं तर त्या दिवशी काम न करता घरी पाठवलं. माझ्या दाढेचे १२०० रुपये झाले, छोटीचे ८००, आणि आईचं कॅपसकट नऊ हजारांच्या घरात जातंय. आईने वर्षापूर्वी दाढ दाखवली असती तर कदाचित माझ्यासारखं बाराशेत भागलं असतं. मी पण अजून दोन महिने काढले असते तर तिच्याच रांगेत बसले असते.

माझ्या तोंडात एक जुनी चांदी पण आहे, तीच नववीतली. लोक सिमेंट म्हणतात, चांदी म्हणतात, ते अमलगम, त्यात साधारण निम्मा पारा असतो. युरोपियन युनियनने २०२५ पासून त्यावर जवळजवळ बंदीच आणलीय म्हणून मी विचारलं की काढून टाकू का. त्यांनी तपासून सांगितलं की कडा घट्ट आहेत, खाली कीड नाही, उगाच काढायला गेलं तर चांगला दात पण कोरला जातो आणि काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, राहू दे. सहज दोन हजारांचं काम लावता आलं असतं, लावलं नाही.

बाकी किरकोळ. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रास, आईला मी एकेक पायरी चढवत नेलं. वेटिंगला पाच खुर्च्या, शनिवारी गर्दी, जमलं तर मधल्या वारी सकाळची वेळ घ्या. हत्यारं माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली, सुई नवीन उघडली. यूपीआय चालतं. बिल मागितलं तर देतात, मागायला लागतं.

स्टार साडेचार देता येत नाहीत म्हणून पाच दिलेत. तुम्ही कुठल्याही गावचे असा, कुठल्याही डेंटिस्टकडे जा, पण खुर्चीत आडवं व्हायच्या आधी एवढं विचारा की भूल देणार का, आणि मी हात वर केला तर थांबणार का. नीट उत्तर मिळालं नाही तर उठून या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आईची कॅप पुढच्या बुधवारी बसवायची आहे. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिची पण तपासणी त्याच दिवशी करून घेतेय, तिच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतोय. तिला आत्तापासूनच सांगून ठेवलंय, डावा हात वर करायचा.